छपरावरचे तीन हत्ती

बालमित्रांनो, तुमच्या घराच्या छपरावर किती हत्ती उभे आहेत?

हसू नका हं! मी अगदी खरं विचारतेय. आमच्या माजघराच्या छपरावर या उन्हाळ्यापर्यंत चक्क तीन हत्ती उभे होते. कितीतरी वर्षं ते तिथेच होते आणि आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता! ते कसे सापडले, त्यातले दोन खाली कसे उतरवले आणि तिसरा का राहू दिला, तीच गोष्ट आज सांगणार आहे.

मी एक प्राथमिक शिक्षिका. धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर आणि लोहारा तालुक्यांच्या सीमेवर आमचं शेत आहे. शेतात एक जुनं दगडी घर आहे, मुलांच्या पणजोबांनी बांधलेलं. इतकी वर्षं आम्ही तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. यंदा माझी बदली शेताजवळच्या शाळेत झाली. तेव्हा घरात ठरलं, की आता शेतातच राहायला जायचं. मुलांना तर काय, आनंदी आनंद! सातवीतला थोरला आणि चौथीतली धाकटी, दोघांनी पुस्तकांची खोकी बांधली, सायकली टेंपोत चढवल्या आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमची वरात शेतात पोचली.

पण गंमत अशी, की आम्ही घरात राहायला गेलोच नाही. घराच्या अंगणात राहायला गेलो!

त्याचं कारण सांगते. पण आधी घर तर बघून घ्या.

घर कसलं, छोटा किल्लाच!

आमचं घर माळवदाचं आहे. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. काही ठिकाणी त्याला धाबंही म्हणतात. सोलापूर, धाराशिव, लातूर या भागांत पाऊस कमी आणि ऊन भारी. कोकणातल्यासारखं उतरतं कौलारू छप्पर इथे लागत नाही. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे वासे, वाशांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी सहसा आत झिरपू देत नाही. थोडा उतार ठेवायचा आणि कडेला पन्हाळी लावायची, की पावसाचं पाणी धो धो खाली.

भिंती काळ्या दगडाच्या. धाकटीनं हातानं मापून पाहिल्या, तर दोन हात जाड! टेपनं मोजल्यावर भरल्या ९० सेंटिमीटर. पुढे ओसरी, मग माजघर, एका अंगाला स्वयंपाकघर आणि एका अंगाला धान्याचं बळद. भिंतींत कोनाडे आणि खुंट्या. दाराला आडवा घालायला लाकडाचा जाडजूड अडणा. हा अडणा भिंतीच्या पोटात सरकवून ठेवता येतो. चोर आला तर आत यायची बिशाद नाही!

आणि माजघराच्या छपरात मधोमध एक चौकोनी भोक. त्याला म्हणतात साणं. तेवढ्यातून उजेड आत येतो आणि धूर बाहेर जातो. साण्यातून पडलेला उन्हाचा चौकोन दिवसभर जमिनीवरून हळूहळू सरकत असतो. पूर्वी घरातल्या बायका त्यावरूनच वेळ ओळखायच्या. ऊन जात्याशी आलं, की भाकरी बांधायच्या. खांबाशी आलं, की गुरांना पाणी दाखवायचं. भिंतीवरचं नाही, तर जमिनीवरचं घड्याळ! किल्ली नको, की सेल नको.

मे महिन्यातल्या एका दुपारी थोरल्यानं शाळेतला तापमापक आणून पाहिलं. अंगणात सावलीत पारा ४१ अंशांवर आणि माजघरात ३३ वर. पंखा नाही, कूलर नाही, तरी आठ अंशांचा फरक! जाड दगड आणि माती सावकाश तापतात. बाहेरचं ऊन त्यांच्यातून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

असं घर सोडून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण राहील? तुम्ही म्हणाल, बाई वेड्या आहेत काय!

आजी आत येईना

मुलांची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या शेतावरच राहतात. दिवसा त्या या घरात वावरतात, झाडलोट करतात, देवापुढे दिवा लावतात. पण दिवस मावळला की बाहेर! गेली तीस-बत्तीस वर्षं त्या एकही रात्र या छपराखाली झोपलेल्या नाहीत. ऊन असो, थंडी असो, बाज अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये.

पहिल्याच रात्री धाकटी त्यांचा हात ओढू लागली, "आजी, चल ना आत! मला माजघरात झोपायचंय."

आजी म्हणाल्या, "तू भी न्हाई झोपायचं आन् म्या भी न्हाई. ह्या घरानं मला एकडाव भ्या दावलंय."

मग त्यांनी ती रात्र सांगितली. मुलांनो, तुमच्यापैकी कुणाचा तेव्हा जन्म झालेला नसेल. पण लातूर-धाराशिवकडच्या आजी-आजोबांना विचारा. त्यांना ती रात्र कालच्यासारखी आठवेल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावंच्या गावं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाचं केंद्र होतं किल्लारीजवळ. रिश्टर मापनावर ६ च्या वरचा धक्का. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात. पण इथे अवघ्या काही सेकंदांत हजारो घरं बसली आणि सुमारे ८ ते १० हजार माणसं गेली. किल्लारीसारखी अनेक गावं नंतर नव्या जागी वसवावी लागली.

आमचं शेत किल्लारीपासून साधारण ४० किलोमीटरवर. आत्याबाई सांगत होत्या, "आधी बुडातनं गरगर आवाज आला. जातं फिरावं तसा. वरनं माती गळाया लागली. तुजा बाप तवा चार वर्षाचा. त्याला काखंत मारला आन् दाराकडं पळाले. तर अडणा निघंना! भिंत हलली, त्यात अडणा आवळला. किती येळ वढत व्हते, देवाला ठावं. निघाला तवा भाईर आले. आन् बघते तर काय, गोठ्याची भिंत खाली. गाय आन् वासरू, दोनी दगडाखाली."

घर पडलं नाही. गोठा पडला. पण त्या रात्रीपासून आत्याबाई या छपराखाली झोपल्या नाहीत.

धाकटी काहीच बोलली नाही. ती गुपचूप आजीच्या बाजेवर जाऊन झोपली.

पाडायचं की राखायचं?

दुसऱ्या दिवशी घरात सभा भरली. मुलांचे काका म्हणाले, "वहिनी, जेसीबी बोलवा. एका दिवसात मैदान! चार पिलर उभे करून स्लॅब टाका. कटकट मिटेल." जुन्या लाकडाचा एक व्यापारीही येऊन गेला. ओसरीचे कोरीव खांब त्याच्या डोळ्यांत भरले होते. असे खांब मोठ्या शहरांत हॉटेलांच्या सजावटीला जातात, म्हणाला.

मुलांचे बाबा गप्प होते. आणि आत्याबाईंचं मत तर ठरलेलंच, "पाडून टाका."

मला मात्र एक प्रश्न सोडत नव्हता. गोठा पडला, पण घर उभं राहिलं. का? दोन्हींचा दगड तोच, मातीही तीच, बांधणारे हातही तेच. मग एक पडतं आणि एक राहतं, हे कसं?

वर्गात एखादं मूल गणितात नापास झालं, तर आपण त्याला शाळेतून काढून टाकत नाही. त्याची वही बघतो, चूक कुठे होतेय ते शोधतो. मी म्हटलं, आधी घराची वही तपासू. चूक सुधारण्यासारखी असेल तर राखू. नसेल तर मीच जेसीबी बोलावते!

हे सगळ्यांना पटलं. ओळखीचा एक तरुण सिव्हिल इंजिनिअर आणि गावातले वयोवृद्ध गवंडीमामा असे दोघं घर तपासायला आले. इंजिनिअरकाकांचं पहिलंच वाक्य होतं, "तपासणी होऊन छप्पर हलकं होईपर्यंत आत कुणी झोपायचं नाही. आजींचं बरोबर आहे."

बघितलंत? म्हणून आम्ही अंगणात! आणि आत्याबाई एकदम खूश. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना 'उगीच भिता' असं म्हटलं नव्हतं.

घराची डॉक्टरकी

मुलांनी दोनशे पानी वही घेतली. वर लिहिलं, 'घराची वही'. डॉक्टर जसा केसपेपर लिहितात, तसा घराचा केसपेपर! पेशंटचं वय साधारण शंभर. तक्रारी पुढीलप्रमाणे:

तक्रार पहिली: भेगा. भिंतींना एकूण सात मोठ्या भेगा निघाल्या. भेग जुनी आहे की अजून वाढतेय, हे कसं ओळखायचं? युक्ती अगदी सोपी आहे. भेगेवर आडवी कागदाची पातळ पट्टी घट्ट चिकटवायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. काही महिन्यांनी पाहायचं. पट्टी शाबूत असेल, तर भेग झोपलेली आहे. फाटली असेल, तर भेग जागी आहे! मुलांनी सात पट्ट्या लावल्या आणि त्यांना नंबर दिले.

तक्रार दुसरी: लाकूड. गवंडीमामांनी प्रत्येक खांबावर आणि तुळईवर लहान हातोडीनं टकटक केलं. आवाज टणक आला, की मुलांनी वहीत बरोबरची खूण करायची. भदभद आला, की फुली. आत वाळवीनं खाल्लेलं असलं, की आवाज पोकळ येतो. कलिंगड वाजवून घेतो ना आपण, तसंच! सोळा खांबांपैकी चौदा टणक. दोघांचे पाय ओल लागून कुजलेले.

तक्रार तिसरी: पोट. उत्तरेच्या भिंतीनं चक्क पोट काढलं होतं. मामांनी वरून ओळंबा सोडला. दोरी सरळ खाली आली, पण भिंत मधेच बाहेर आलेली. ९० सेंटिमीटर जाडीच्या भिंतीला पोट सुटतं कसं? मामांनी एके ठिकाणी ढिला झालेला एक दगड काढून दाखवला. आत पाहतो तर काय, भिंत एक नाही, दोन! बाहेरच्या बाजूला एक पातळ भिंत, आतल्या बाजूला दुसरी आणि मधल्या पोकळीत बारीक दगडगोटे अन् माती ठासलेली. दोन्हींना जोडणारा एकही लांब दगड नाही. वर्षानुवर्षं पाणी मुरलं, मधली माती फुगली आणि तिनं बाहेरच्या भिंतीला ढकललं. जमीन हादरली, की अशा दोन भिंती दोन दिशांना सुटतात. पुस्तकाची शिवण उसवली, की पानं सुटतात ना? तसंच. गोठ्याचं तेच झालं होतं.

तक्रार चौथी: ओल. काही वर्षांपूर्वी कुणीतरी भिंतीच्या खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा केला होता. भिंत पक्की होईल, या भाबड्या आशेनं! पण दगड-मातीच्या भिंतीला जमिनीतून थोडी ओल चढतच असते. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडून वाळते. सिमेंटनं तिची वाटच अडवली. ओल आतच कोंडली, क्षार फुलले आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागले. पावसात भिजल्यावर रेनकोट घालून बसलं, तर कपडे वाळतील का? तसाच हा प्रकार.

आणि तक्रार पाचवी... हत्ती!

हत्ती सापडले

इंजिनिअरकाकांनी माळवदावर एक छोटा खड्डा खणायला सांगितला. मातीचा थर किती असेल? मी म्हटलं, एक वीत असेल. खणत गेलो, खणत गेलो... खाली फळी लागली तेव्हा टेप भरला ६० सेंटिमीटर!

एवढी माती आली कुठून? आत्याबाईंनी सांगितलं. दर वर्षी मृग लागायच्या आधी गळती होऊ नये म्हणून माळवदावर नवी माती पसरायची, धुमसायची. पण जुनी माती कुणी काढत नसे. दर वर्षी एक पातळ थर! खड्ड्याच्या कडेला ते थर स्पष्ट दिसत होते. झाडाच्या खोडातली वर्तुळं असतात ना, तसे. धाकटीनं वीसपर्यंत मोजले, मग गोंधळली. एका थरात हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला. आत्याबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि पदराला बांधून ठेवला. म्हणाल्या, "माजी आसंल. न्हाईतर सासूबाईची."

मग मी मुलांना गणित घातलं. तुम्हीही वही घ्या पाहू! माजघराचं छप्पर ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. मातीचा थर ०.६ मीटर. तर माती किती?

४ × ३ × ०.६ = ७.२ घनमीटर.

एक घनमीटर मातीचं वजन साधारण १,६०० किलो धरलं, तर एकूण वजन झालं ११,५२० किलो. म्हणजे साडेअकरा टन. पूर्ण वाढलेला आपल्याकडचा हत्ती साधारण ४ टनांचा. म्हणजे माजघरावर जवळजवळ तीन हत्ती!

धाकटी डोळे विस्फारून छपराकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजी बरोबर होती."

अगदी बरोबर होती. जमीन हलते तेव्हा छप्पर जितकं जड, तितका भिंतींना बसणारा हिसका मोठा. डोक्यावर भरलेली घागर घेऊन कुणी तुम्हाला अचानक ढकललं तर? आणि रिकामी टोपली असताना ढकललं तर? दोन्हींत फरक आहे ना! १९९३ मध्ये गावोगावी हेच झालं. वर टनावारी माती, खाली उसवलेल्या भिंती. माती आणि दगड एकदम झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले.

आगकाड्यांचं उत्तर

मग आमचं घर का उभं राहिलं? याचं उत्तर काकांनी आगकाड्यांनी दिलं. तुम्हीही करून पाहा. आगकाड्यांचे गूल खरवडून टाका. सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे छोटे तुकडे जोडाला वापरून चार काड्यांचा चौकोन करा आणि तीन काड्यांचा त्रिकोण करा. आता दोन्ही कडेनं ढकला. चौकोन लगेच तिरका होतो. त्रिकोण मात्र हलत नाही! आता चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजून एक तिरपी काडी बसवा. झाला ना चौकोनही ताठ? कारण आता त्याच्यात दोन त्रिकोण आहेत.

आमच्या घराचं छप्पर भिंतींवर टेकलेलं नाही. ते लाकडी खांबांच्या सांगाड्यावर उभं आहे. भिंती हलल्या, पण सांगाड्यानं हत्ती पेलून धरले. गोठ्याला मात्र खांबच नव्हते. तुळया थेट भिंतीवर. भिंत गेली, छप्पर गेलं. किल्लारीकडेही काही ठिकाणी असंच दिसलं होतं, भिंती ढासळलेल्या, पण लाकडी सांगाडे उभे.

म्हणजे दोष दगडाचा किंवा मातीचा नाही, बांधणीचा आहे. कच्छमधले भुंगे तुम्ही चित्रात पाहिले असतील. ती गोल घरं मातीचीच असतात. पण छप्पर हलकं आणि आकार गोल. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात असे कितीतरी भुंगे टिकून राहिले. काश्मीरमध्ये जुन्या पद्धतीच्या काही घरांत लाकडाच्या तिरप्या पट्ट्यांची चौकट करून मध्ये दगड-विटा भरतात. त्यांना धज्जी देवारी म्हणतात. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात तीही घरं चांगली तगली. तिथेही आगकाड्यांचाच त्रिकोण!

आमची योजना

निकाल लागला होता. पेशंट आजारी आहे, पण बरा होण्यासारखा आहे! काकांनी आणि मामांनी मिळून योजना आखली. थोरल्यानं ती मोठ्या कागदावर काढून शेडमध्ये टांगली. कामांचा क्रम महत्त्वाचा, बरं का! आधी गिलावा आणि मग भिंत उकलायची, असं करून चालत नाही.

पहिलं काम, हत्ती उतरवणं. ते मृगाच्या आधीच व्हायला हवं होतं. खाली तुळयांना टेकू दिले आणि मग वरची माती सगळीकडून सारखी, थोडी थोडी काढली. एकाच बाजूची काढली, तर घर कलंडायची भीती. नुसत्या माजघरावरून साधारण पावणेचारशे घमेली माती निघाली! शेवटी वाळलेल्या काटक्यांचा थर दुरुस्त केला, पाणी झिरपू नये म्हणून मध्ये जाड प्लास्टिकचा कागद अंथरला आणि वर फक्त २० सेंटिमीटर माती ठेवली. आता करा हिशेब: ४ × ३ × ०.२ = २.४ घनमीटर, म्हणजे ३,८४० किलो. एक हत्ती! तेवढा हवाच. तो नसेल, तर मे महिन्यात घर भट्टीसारखं तापेल.

दुसरं काम, पोट सुटलेली भिंत. ती उतरवून पुन्हा रचायची. दगड तेच, पण या वेळी मीटर-मीटर अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालायचा. इंजिनिअर त्याला थ्रू स्टोन म्हणतात. म्हणजे भिंतीला शिवण घालायची! ज्या भिंती चांगल्या आहेत, त्या पाडायच्या नाहीत. त्यांना हळूच आरपार भोक पाडून, आत लोखंडी सळई घालून काँक्रीट भरायचं. म्हणजे तीही शिवणच.

तिसरं काम, पट्टा. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराला चारी बाजूंनी जाळी आणि सिमेंटचा पट्टा. खोक्याला आपण सुतळी आवळतो ना, तसा. इथे मात्र सिमेंट हवंच. औषध वाईट नसतं, चुकीच्या जागी लावलेलं वाईट!

चौथं काम, लाकूड. कुजलेल्या दोन खांबांचे पाय बदलायचे आणि खांब-तुळईच्या सांध्यांत तिरपे आधार ठोकायचे. आगकाडीवाले!

पाचवं आणि शेवटचं काम, सिमेंटचा जुना गिलावा खरवडून आतून माती-शेण-भुशाचा आणि बाहेरून चुन्याचा गिलावा. चुना बनतो कसा, ठाऊक आहे? चुनखडी भट्टीत भाजली, की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी ओतलं, की फसफस करून उकळी फुटते. लांब उभं राहायचं हं, डोळ्यांत उडाला तर फार वाईट! मग वाळू मिसळून तो घाणीत दळायचा. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा दगडासारखा होत जातो. दगडापासून निघाला आणि परत दगडाकडे गेला! मामांना लहानपणी पाहिलेली बैलांची घाणी आठवत होती. शेताच्या बांधावर तिचं गोल दगडी चाक अजून पडलेलं आहे. धाकटी त्याच्यावर बसून अभ्यास करते.

योजनेतली एक चूक

कागद तयार झाला. सगळ्यांनी वाहवा केली. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही. पण त्या कागदासमोर उभ्या राहिल्या आणि बोट फिरवत विचारू लागल्या, "ही वसरी. हे माजघर. आन् ह्ये दार. बरं. आन् दुसरं दार कुटं हाय?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. दुसरं दार नव्हतंच!

"माजघराला येकच दार. त्येला अडणा. त्यो आवळला, मंग? छप्पर हलकं केलंत, भिती शिवल्या, समदं केलंत. पर पळायचं कुठनं?"

एक अक्षरही न शिकलेल्या माझ्या सासूबाईंनी इंजिनिअरची आणि मास्तरणीची, दोघांचीही चूक काढली! काका लगेच म्हणाले, "आजी, शंभर टक्के बरोबर." थोरल्यानं पटकन पेन्सिल घेऊन परसदाराकडच्या कोपऱ्यात दार काढलं. काकांनी ते खोडलं. म्हणाले, "कोपऱ्यात नको. कोपरे म्हणजे भिंतीचे गुडघे. त्यांच्यापासून निदान दोन-अडीच फूट लांब. आणि दार उघडेल बाहेरच्या बाजूला." अडण्याऐवजी साधी कडी घालायचंही ठरलं. चोर आला तर येऊ दे, आमच्याकडे पुस्तकांशिवाय आहे काय!

योजनेच्या कागदावर सहावं काम लिहिलं गेलं. थोरल्यानं त्याला नाव दिलं, 'आजीचं दार'.

आता पुढे

हा लेख लिहितेय तेव्हा बाहेर भाद्रपदाचा पाऊस पडतोय. पन्हाळी वाहत आहेत. माळवद एकदाच गळलं, तेही कडेला. सात कागदी पट्ट्यांपैकी पाच शाबूत आहेत, दोन फाटल्या. दोन्ही उत्तरेच्या भिंतीवरच्या. म्हणजे ती भेग जागी आहे. दिवाळीनंतर पहिली कुदळ तिथेच पडेल. पैसे जमतील तसं काम होईल. दोन वर्षं तरी लागतील.

आम्ही अजून शेडमध्येच आहोत. परवा धाकटीनं पुन्हा विचारलं, "आजी, सगळं झाल्यावर तरी झोपशील ना माजघरात?"

आत्याबाई लगेच 'हो' म्हणाल्या नाहीत. त्या कागदासमोर गेल्या आणि परसदाराच्या नव्या दाराजवळ बोट टेकवलं. म्हणाल्या, "हितं बाज टाका माजी. दाराच्या तोंडाला. मंग बगू."

धाकटीनं तिथे पेन्सिलीनं एक छोटीशी बाज काढली आहे.

मुलांनो, तुमच्या आजोळी किंवा गावाकडे असं जुनं घर असेल, तर तुम्हीही 'घराची वही' करा. भिंती मापा, छपराचा हिशेब करा, भेगांवर पट्ट्या लावा. आणि त्या घरात राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना कशाची भीती वाटते? वहीत ते पहिल्या पानावर लिहा. पण एक पक्कं लक्षात ठेवा, पडीक किंवा भेगाळलेल्या घरात एकट्यानं कधीही शिरायचं नाही. मोठं माणूस सोबत हवंच.

आणि हो, छपराचा हिशेब केलात, तर तुमच्या घरावर किती हत्ती निघाले, ते आम्हाला जरूर कळवा!